आधी मास्क काढणारा

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर मला पुन्हा एक पोस्टिंग मिळालं. ठिकाण, आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा. ओझरच्या अलीकडे हायवे सोडला की द्राक्षबागांमधून एक रस्ता आत येतो, त्या रस्त्यावरचं हे गाव. शाळेला ओळीनं पाच खोल्या, पुढे लांब व्हरांडा, मधोमध गच्चीवर जाणारा जिना आणि पश्चिमेला फाटक. पोस्टिंगचा हुकूम सरपंच मंदाताईंनी दिला, तोही आमच्या ओट्यावर उभं राहून.

"हवालदार, शाळेत विलगीकरण सुरू करायचंय. माणसं घाबरलीत. कुणी तिकडे फिरकत नाही. तुम्ही आणि पोपटभाऊ बघाल का?"

फौजेत नाही म्हणायची सवय लागत नाही. मी हो म्हटलं. आत विमल, माझी बायको, दाराआडून ऐकत होती. मंदाताई गेल्यावर ती म्हणाली, "विचारायचं तरी." मग तिनंच माझे दोन जुने गमछे धुऊन काढले.

ही कोरोनाची दुसरी लाट. पहिल्या लाटेत आमच्या गावात कुणाला काही झालं नव्हतं आणि आम्ही शहरातल्यांना हसत होतो. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. आता आम्ही जात्यात होतो. एका आठवड्यात आमच्या गल्लीतून तीन माणसं गेली. त्यातल्या एकाला मी आदल्या दिवशी पाराजवळ बोलताना पाहिलं होतं. मी सीमेवर राहिलेला माणूस, पण तिथं गोळा कोणत्या दिशेनं येणार याचा अंदाज असतो. इथं शेजाऱ्याच्या खोकल्याची भीती वाटायची. लपवत नाही, मी तेव्हा रोज भीत होतो.

पोपटची ओळख करून देतो. नाईक पोपट, माझ्याच तोफखाना रेजिमेंटमधला, माझ्याच गावचा, ट्रेडनं ड्रायव्हर. मी रेजिमेंटमध्ये एनबीसीचा इन्स्ट्रक्टर होतो, म्हणजे अणुबाँब, रोगजंतू आणि विषारी वायू यांच्यापासून जीव कसा वाचवायचा ते जवानांना शिकवायचो. म्हणून पोपट मला शेवटपर्यंत उस्ताद म्हणत आला. या ट्रेनिंगमधला सगळ्यांना नको असलेला धडा म्हणजे मास्क काढणं. वायू निघून गेला असं वाटतं, पण खात्री कुणालाच नसते. मग एका जवानानं आधी मास्क काढायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत थांबायचं. त्याला काही झालं नाही तर "ऑल क्लिअर" म्हणायचं आणि सगळ्यांनी मास्क उतरवायचे. प्रॅक्टिसमध्ये अश्रुधूर असायचा, तरी पाय मागे यायचे. पोपट दर वेळी एक पाऊल पुढे.

एकदा मी विचारलं, "दर वेळी तूच का रे? मेडल हवंय का?"

"नाय उस्ताद. नंतर काढणाऱ्याला जास्त वेळ भ्यावं लागतं."

तर आम्ही दोघं कामाला लागलो. गावानं हाताला लागेल ते काढून दिलं. पॅकहाऊस बंद पडलं होतं, तिथले द्राक्षांचे क्रेट उलटे मांडून त्यावर प्लाय टाकले की पलंग तयार झाला. द्राक्षाच्या मांडवाची तार शाळेभोवती ओढून हद्द आखली. तारेच्या बाहेर डबे ठेवायचे, माणूस मागे हटला की मी ते आत न्यायचे, असा नियम. भाजीवाल्यांचा माल मार्केटला जात नव्हता, तो आमच्या स्वयंपाकात आला. माळी मंडळींचा झेंडू शेतातच वाळत होता. एका बाईनं त्यातली टोपलीभर फुलं पाठवली आणि निरोप दिला, खायला उपयोग नाही, पण खिडकीत ठेवा. सिस्टरनी ती खिडक्यांत ठेवली. सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राची नर्स, पेठ तालुक्याकडची, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेली, पण हाताला थरथर नाही. तिनं पेशंटना पालथं झोपायला शिकवलं. पालथं झोपलं की छातीत हवा जास्त जाते. व्हरांड्यातून पाहिलं की तीसेक माणसं तोंड खाली करून पडलेली दिसायची. आमच्या धंद्यात माणसं अशी पडलेली असली की त्याचा अर्थ वेगळा असतो.

पोपटनं आपल्या भाजीच्या पिकअपची ॲम्ब्युलन्स केली. मागे गादी, वर ताडपत्री. कुणाचा दम वाढला की तो त्याला द्वारका चौकातून नाशकात न्यायचा. फोनवर त्याचं बोलणं वायरलेससारखं असे.

"द्वारका क्रॉस केली. पहिल्या दवाखान्यात बेड नाय. पुढं जातो."

"पेशंट कसा आहे?"

"बोलतोय. बंद पडला की सांगतो."

एकदा रात्री परत आल्यावर तो पिकअप धूत म्हणाला, "उस्ताद, द्वारकेला आज एक हॉर्न नाय ऐकू आला. एवढी भीती मला फायरिंग रेंजवर नाय वाटली."

मग विमलला ताप आला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला आणि तिला मी स्वतः तारेच्या आत नेलं. तिची जागा पाचव्या खोलीत, अगदी टोकाला, बायकांच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ मी खिडकीपाशी उभा राहायचो. ती बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर वर करून दाखवायची. आकडा खाली आला असला की ती हात लवकर खाली घ्यायची. तीस वर्षांच्या संसारानंतर एवढं कळतं. तिथून निघून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहायचो आणि मग कामाला लागायचो.

त्याच आठवड्यात फवारणीचा विषय निघाला. शाळेच्या आवारात हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारायचं होतं. पाठीवरच्या पंपानं दिवस जायचा आणि मारणाऱ्याला आत फिरावं लागायचं. संपततात्या म्हणाले, "माझा ब्लोअर घ्या. फाटकात उभं राहून दहा मिन्टात काम होईल. माणसाला आत जायलाच नको." तात्या म्हणजे गावातले नावाजलेले द्राक्षवाले. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली मोठी टाकी आणि पंखा, बागेत औषधाचं धुकं उडवतो तो. शहाणी सूचना होती. मला आवडली. पुढे कळलं की अशा उघड्यावरच्या फवारणीचा फारसा उपयोगच होत नाही. पण तेव्हा हातात काहीतरी करायला असणं हाच मोठा आधार होता.

तात्या दुपारी जेवणानंतर ट्रॅक्टर घेऊन आले. मी फाटकाशी विचारलं, "टाकी धुतली का? आत औषधाचा अंश नको."

"तीनदा खळखळून धुतली हवालदार. आमच्या घरातली पण माणसं हायेत आत."

खरं होतं. त्यांची सून दुसऱ्या खोलीत होती. टाकी त्यांनी धुतली होती, त्यात काही खोट नव्हती. पण पाणी भरलं ते त्यांच्या विहिरीवर, आणि विहिरीवर त्यांच्या हातानं सवयीनं एक काम केलं. आमच्याकडचं पाणी जड. त्यात औषध नीट चालत नाही. म्हणून द्राक्षवाला फवारणीच्या आधी पाण्यात ॲसिड टाकतो आणि पाण्याचा पीएच उतरवतो. न उतरवता फवारा मारणारा शेतकरी आमच्या भागात अडाणी ठरतो. तात्यांनी त्या दिवशी दोन मापं जास्तच टाकली. रोग मोठा, तर औषध चांगलं चालायला हवं, हा त्यांचा विचार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

फाटकात ट्रॅक्टर उभा करून त्यांनी हायपोक्लोराइटचे कॅन टाकीत ओतले, झाकण लावलं आणि पंखा सुरू केला.

त्या औषधाच्या वासाची मला सवय झाली होती. रोज हात त्यातच असायचे. हा वास तसा नव्हता. नाकात शिरला आणि थेट छातीत टोचला. मी वर पाहिलं. झाकणाच्या कडेतून पिवळट हिरवी वाफ निघत होती आणि पंखा ती शाळेकडे फेकत होता. वारा पश्चिमेचा. फाटकाकडून सरळ खोल्यांकडे.

क्लोरीन. हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड पडलं की हाच वायू सुटतो. दरवर्षी मी हा रंग खडूनं फळ्यावर लिहून शिकवला होता. उभ्या आयुष्यात डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होतो. ज्यांची फुफ्फुसं आधीच निम्मी चालत होती अशी तीसेक माणसं वाऱ्याच्या तोंडाशी होती, आणि त्यांत विमल होती.

माझ्या तोंडून आपोआप ड्रिलची हाळी निघाली. "गॅस! गॅस! गॅस!"

स्वयंपाकाच्या बाईनं धावत जाऊन शेगडी बंद केली. तिची चूक नाही. पोपटला मात्र दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो पिकअपपाशी होता. त्यानं बादलीत गमछा बुडवला, तोंडाला बांधला आणि धावत आला. तोवर तात्या खोकत खोकत सीटवरून खाली कोसळले होते. पंखा चालूच होता.

"पोपट, ट्रॅक्टर हलव!"

"कुठं?"

"उत्तरेला, नाल्यात! वारा डाव्या गालावर ठेव!"

"डावा गाल. जातो."

तो त्या वाफेत शिरला. आधी तात्यांना काखेत धरून बाजूला ओढलं. मग ट्रॅक्टरवर चढला. पंख्याची दांडी त्याला लगेच सापडली नाही, ट्रॅक्टर ओळखीचा नव्हता. तेवढा वेळ तो त्या वाफेच्या मध्ये वाकून दांडी शोधत होता. माझ्या डोळ्यांसमोर आजही तोच वेळ आहे. मग पंखा थांबला, ट्रॅक्टरनं धक्का खाल्ला आणि तो नाल्याच्या दिशेनं निघाला.

मी पुढे पाहायला थांबलो नाही. जेवढी वाफ सुटली होती ती आवारात पसरली होती आणि व्हरांड्याकडे सरकत होती. मी ओला गमछा बांधून आत शिरलो. सिस्टरनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. पेशंट पालथे पडून खोकत होते.

"सिस्टर, सगळ्यांना गच्चीवर न्यायचं. आत्ता."

"काका, यांना जिना चढवला तर ऑक्सिजन पडेल. डॉक्टरांनी पालथं ठेवायला सांगितलंय."

"हा वायू हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो. पालथं झोपलेल्या माणसाच्या नाकाशीच येणार."

तिनं माझ्याकडे एक क्षण पाहिलं. तिच्या जागी मी असतो तर जास्त वेळ घेतला असता. "पहिल्या खोलीपासून," ती म्हणाली. "चालणारे आधी, भिंत धरून. ज्यांना चालवत नाही त्यांना खुर्चीत बसवून उचला." आणि ती पहिल्या खोलीत शिरलीसुद्धा.

पण उचलणार कोण? तारेबाहेर डबे घेऊन आलेली सात-आठ माणसं उभी होती. मी ओरडलो, "आत या! हात लावा!" कुणी हललं नाही. त्यांना वायूची भीती होती आणि त्याहून जास्त पेशंटची. इतके दिवस आम्हीच त्यांना सांगत होतो, तार ओलांडायची नाही. मी त्यांना दोष देत नाही. मग मंदाताईंनी साडीचा पदर बादलीत बुडवून तोंडाला गुंडाळला, तार हातानं खाली दाबली आणि आत आल्या. त्यांच्यामागे एक माणूस आला, मग दुसरा, मग सगळे.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. मुख्याध्यापक नाशकात. स्वयंपाकघरातला वरवंटा आणून मी कोयंडा उखडला आणि लोक वर जाऊ लागले. पहिली खोली, मग दुसरी. वारा पहिल्या खोलीकडून येत होता, म्हणून क्रम तोच हवा होता. विमल पाचव्या खोलीत. हे मला माहीत होतं, आणि प्रत्येक खेपेला जिन्यावरून खाली येताना माझे पाय तिकडे वळत होते. मी ते वळू दिले नाहीत. याचा मला अभिमान वाटतो असं नाही. एखाद्या खेपेला तर मला स्वतःचा राग आला.

पाचव्या खोलीचं दार उघडलं तेव्हा विमल एका क्रेटवर उभी होती, भिंतीला टेकून. तिनं इतर बायकांनाही क्रेटवर उभं केलं होतं. वायू खाली बसतो हे माझं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. मला पाहून ती चिडली.

"तुम्ही आत कशाला आलात? तुम्हाला झालं म्हणजे?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही गमछ्याच्या आत राहिलं. मी तिला पाठीवर घेतलं. ती माझ्या कानाशी धापत होती. तो आवाज चालू आहे तोवर ठीक आहे, एवढंच मी जिना चढताना स्वतःला सांगत होतो.

वर आल्यावर चहूकडे दिसत होतं. नाल्यात ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्याभोवती पिवळट धुकं जमिनीला चिकटून होतं. पोपट कुठं दिसेना. मी कठड्याला धरून शोधलं. मग तो दिसला, नाल्याच्या वरच्या बांधावर, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला.

गच्ची तापलेली होती. दोन म्हाताऱ्यांना मशीनवरचा ऑक्सिजन चालू होता आणि मशीन खाली राहिलं होतं. वर प्लग नाही. सिस्टर एका म्हाताऱ्याच्या बोटाकडे बघून माझ्याकडे बघत होती.

"काका, यांना खाली न्यावंच लागेल. किती थांबायचं?"

आवारात आता काही दिसत नव्हतं, पण न दिसणारा वायूही मारतो. तपासायला यंत्र नाही. अशा वेळी एकच रीत आहे, मी ती वर्षानुवर्षं शिकवली होती. मी गमछा घट्ट केला आणि जिन्याकडे निघालो.

"अहो," विमल म्हणाली.

तेवढ्यात खालून हाक आली. "उस्ताद! थांबा तिथंच!"

पोपट फाटकातून आत येत होता. चालणं जरा तिरकं, पण कवायतीतलं. आवाराच्या मधोमध येऊन त्यानं वर पाहिलं आणि तोंडावरचा गमछा सोडला. मग पहिल्या खोलीसमोर, व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर बसला. वायू जिथं साचतो तिथं, नाक खाली करून. आम्ही तीस-चाळीस माणसं गच्चीवरून त्याच्याकडे बघत थांबलो. ज्याला खोकला यायचा तोही दाबून धरत होता. मी ड्रिलप्रमाणे त्याचे डोळे, खांदे, छाती बघत होतो. तो दोनदा खोकला. तो खोकला आधीचा की आत्ताचा, ते मला वरून कळत नव्हतं.

मग तो उठला, मागे सरून वर तोंड केलं. आवाज बसला होता तरी शब्द स्पष्ट होते.

"ऑल क्लिअर, उस्ताद."

आम्ही मशीनवाल्यांना आधी खाली नेलं. खिडक्या उघडल्या. शाळेतला एकही पेशंट त्या वायूनं गेला नाही. तात्यांना पोपटच पिकअपमधून नाशकात घेऊन गेला. मी म्हटलं, "दुसरा कुणी चालवेल." तो म्हणाला, "रस्ता मला माहीत हाय, कुठं बेड हाय ते पण मलाच माहीत हाय." द्वारकेवरून फोन आला. "क्रॉस केलं. तात्या बोलत्यात. सारखं रडत्यात, तेवढं सांगा त्यांच्या घरी."

तात्या चार दिवसांनी घरी आले. पोपट त्याच दवाखान्यात राहिला. त्याला दम लागत होता, मग तपासणीत कोरोनाही निघाला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाला दोन्हींचा मार आहे, कशाचा किती ते सांगता येणार नाही. आम्हाला आत सोडलं नाही. एकदा फोनवर बोलला, श्वास घेत घेत.

"वहिनी कशा हायेत?"

"आकडा वर आलाय."

"मग झालं."

तो गेला त्या दिवशी मी आणि त्याचा मुलगा, दोघांनाच परवानगी मिळाली. पांढरे किट घालून आम्ही लांब उभे राहिलो. बिगुल नाही, तिरंगा नाही. मी सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. किटच्या आत घाम होता की काय होतं, कुणाला दिसलं नाही.

त्याची बायको हिरा. तिला त्याचं तोंडही बघता आलं नाही. आठव्या दिवशी मी त्यांच्या दारी गेलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "ते शाळेत शेवटी काय म्हणले, भाऊ?" मी सांगितलं. तिला त्या इंग्रजीचा अर्थ सांगावा लागला नाही. फौजीची बायको होती ती. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "सगळ्यांच्या आधी जायची खोडच होती."

तात्या त्यानंतर माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. मग एका सकाळी आले आणि ओट्यावर बसले. "हवालदार, ॲसिड मी टाकलं. माझ्या हातानं." मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला ओढून बाहेर काढायला तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं. ते त्यानं ठरवलं." याचा त्यांना काही आधार झाला असेल असं वाटत नाही. पण हिराची छोटी द्राक्षबाग आता तात्या बघतात. फवारणीच्या दिवशी स्वतः येतात आणि तिला वाऱ्याच्या उलट बाजूला घरात बसवतात.

विमल बरी आहे. चढावर दम लागतो. रात्री झोपेत तिचा श्वास जरा थांबल्यासारखा झाला की मी जागा होतो आणि तो परत येईपर्यंत पडून ऐकत राहतो.

पुढे रोग ओसरला. गावात एकेकानं मास्क काढले. पारावर, लग्नात, बाजारात सगळ्यांची तोंडं पुन्हा दिसू लागली. मंदाताई हसल्या, "हवालदार, तुम्ही अजून बांधलेलाच?" मी म्हटलं, काढतो. आणि काढत नव्हतो. माझ्यापुढे एक पाऊल टाकणारा माणूस आता नव्हता. ऑल क्लिअर कोण देणार?

गावात मास्क मी सगळ्यात शेवटी काढला. पोपट बरोबर सांगत होता. नंतर काढणाऱ्याला फार वेळ भ्यावं लागतं.